उत्तरदाती क्रमांक सतरा

प्रबंध हातात आला की मी तो मागून उघडते. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे आणि ती माझ्या एकटीची नाही. मागे संदर्भसूची असते. कोणाची पुस्तकं तिच्यात आहेत आणि कोणाची नाहीत, एवढं पाहिलं की लिहिणारा कुणाचा ते दोन मिनिटांत कळतं. आपला असेल तर पुढच्या चुका डोळ्यांआड होतात. त्यांचा असेल तर पहिल्या पानावरचा चुकलेला अनुस्वारसुद्धा खुपतो. एवढ्या वर्षांत मी किती प्रबंध असे मागून वाचले असतील, ते आता आठवायलाही नको वाटतं.

मी लातूरच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. विद्यापीठाच्या कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा नांदेडला जावं लागतं. आमच्या स्टाफरूममध्ये नवा माणूस आला की चहा यायच्या आत कुणीतरी हळूच विचारतं, “कुणाचाय?” पूर्वी या प्रश्नात फक्त जात असायची. आता जातीबरोबर विचारही असतो, आणि उत्तर मिळेपर्यंत माणसाशी नीट बोलवत नाही. चर्चासत्राला कुणाला बोलवायचं, परीक्षकांच्या यादीत कुणाची नावं द्यायची, कुणाचा लेख छापायचा, सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. आपण समाजाचा अभ्यास करतो म्हणून आपल्याला समाज दिसतो, असं आम्ही सगळे धरून चालतो. दोन्हीकडचे.

मी पुरोगामी बाजूची. ही बाजू मी विचार करून घेतली, असं मी मुलाखतींमध्ये सांगत आले. खरं तर ती मला मिळाली. मी लातूरजवळच्या मुरुडची. वडिलांचं किराणा दुकान होतं, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि बारावी झाली की पोरीचं लग्न, असा घरचा सरळ हिशेब. नांदेडला माझ्या मावशीकडे राहून मी अकरावी-बारावी केली होती. तिथल्या कॉलेजातल्या, पुरोगामी चळवळीत असलेल्या एका सरांना माझं लग्न ठरल्याचं कळलं. ते एसटीनं मुरुडला आले, दुकानाच्या फळीवर बसले आणि वडिलांशी दोन तास वाद घालत राहिले. वडील मधूनमधून गिऱ्हाइकाला साखर तोलून देत आणि परत वादाला बसत. शेवटी माझं लग्न चार वर्षं पुढं गेलं. त्या सरांनी मला माझं आयुष्य दिलं आणि आयुष्याबरोबर त्यांची बाजूही दिली. मी दोन्ही एकाच हातानं घेतलं. त्यानंतर त्या बाजूवर कुणी बोट ठेवलं की मला माझ्या शिक्षणावरच बोट ठेवल्यासारखं वाटायचं.

हे सगळं सांगायचं कारण माझी एक विद्यार्थिनी.

ती किनवट तालुक्यातल्या एका जंगलातल्या गावची. सरकारी आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली. तिथल्या दिवसांबद्दल ती फार बोलत नसे, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. नांदेडच्या एका महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. पदवी मिळाली तर कायम जागेसाठी अर्ज करता येणार होता, नाहीतर दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत आणि नव्यानं काळजी. तिचा विषय तिनंच आणला होता: जंगलातल्या गावांतले आईबाप मुलींना कुठल्या वसतिगृहात घालतात आणि का. मला विषय आवडला. तिची संदर्भसूचीही मला आवडली. ती मी सांगितलेल्या पुस्तकांचीच होती.

दोन वर्षं ती गावोगाव हिंडली. किनवटच्या रेल्वेनं जायची, पुढं जीपनं, पुढं पायी. लोकांच्या घरात बसून बोलायची आणि सगळं शब्दन् शब्द उतरवून घ्यायची. आमच्या शास्त्रात माणसांची नावं लिहीत नाहीत. बोलणाऱ्याला, म्हणजे उत्तरदात्याला, क्रमांक द्यायचा, ओळख कळेल असं काही ठेवायचं नाही. तो नियम मीच तिला शिकवला होता. अजून एक नियम मी वर्गात दरवर्षी बजावून सांगते: आपल्या घरच्या, नात्यातल्या माणसांना नमुन्यात घ्यायचं नाही. त्यांनी काहीही सांगितलं तरी त्याला शास्त्रात किंमत नसते.

पाचवं प्रकरण घेऊन ती लातूरला माझ्या घरी आली तेव्हा दुपार होती. मी जेवणाच्या टेबलावरच कागद पसरले. वाचता वाचता माझ्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या.

त्या भागात दोन प्रकारची वसतिगृहं होती. एक सरकारी. दुसरं एका खाजगी संस्थेचं, आणि ती संस्था ‘त्यांची’. सकाळी प्रार्थना, श्लोक, भिंतीवर त्यांच्या थोर माणसांच्या तसबिरी. आदिवासींची स्वतःची संस्कृती पुसून टाकायचा हा उद्योग आहे, असं मी वर्षानुवर्षं भाषणांत सांगत आले होते. आजही त्यात मला बरंचसं तथ्य वाटतं. पण या पोरीच्या प्रकरणात आईबाप एकामागून एक सांगत होते की आम्ही मुलगी तिथं घातली आणि बरं केलं. सतराव्या क्रमांकाच्या बाईचं बोलणं तिनं पूर्ण दिलं होतं. त्या बाईनं आपली नात त्या संस्थेत घातली होती.

“सरकारी शाळेत रातीला बाई न्हाई राहत. वाचमन हाय, तो बी पिऊन राहतो. इथं बाई पोरींजवळ झोपते. दाराला आतून कडी हाय. ताप आला तर निरोप येते. सकाळी कायबाय म्हनाया लावतेत, म्हनतेत पोरी. म्हनल्यानं तोंड न्हाई दुखत. आमचे देव आमच्या घरी हायेत, ते कुठं चालले? पोरगी बारावीपस्तोर सुखरूप गेली पायजे, मला येवढंच कळतं.”

त्याखाली माझ्या विद्यार्थिनीनं लिहिलं होतं की या बाईला दोन्ही संस्था नीट कळतात, ती मुलीची सुरक्षितता निवडते आहे, आणि प्रार्थनेकडे ती त्या सुरक्षिततेचा मोबदला म्हणून पाहते.

“हे असं नाही जाणार,” मी म्हणाले.

“का मॅडम?”

“का म्हणजे? हे छापलं की उद्या त्यांचे लोक हेच पान घेऊन नाचतील. आपल्याच विद्यार्थिनीनं त्यांना प्रमाणपत्र दिलं म्हणतील.”

तिनं सतराव्या क्रमांकाचं पान माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाली, “पण मॅडम, लोकं हेच बोलून राहिले.”

“लोक बोलतात ते टिपायचं असतं. त्यामागे काय आहे ते आपण सांगायचं. नाहीतर मग संशोधक कशाला पाहिजे, टेपरेकॉर्डर चालतो.” हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं. मी लाल पेन घेतलं, तिचा परिच्छेद काटला आणि समासात माझा लिहिला: ‘सदर उत्तरदातीमध्ये सांस्कृतिक वर्चस्वाची जाणीव विकसित झालेली नाही. तात्कालिक सोयीपलीकडे विचार करण्याची क्षमता तिच्या उत्तरात आढळत नाही.’

तिनं ते वाचलं. तिचा चेहरा उतरला. “मॅडम, त्या बाईला सगळं कळतं. त्या ओळखून बोलल्या.”

“तुला कसं माहीत?”

ती खाली बघून म्हणाली, “बोलताना वाटलं.”

“वाटण्यावर शास्त्र चालत नाही,” मी म्हणाले आणि आत जाऊन तिच्यासाठी चहा टाकला. वाईट वागले असं मला वाटलं नाही. उलट पोरीला वाचवलं असंच वाटलं.

तिनं ते वाक्य लगेच घेतलं नाही. पुढच्या वेळी तिनं प्रकरण परत आणलं तेव्हा माझं वाक्य गाळलेलं होतं आणि तिचं जरा मवाळ करून ठेवलेलं. मी ते प्रकरण ठेवून घेतलं. वाचते म्हणाले आणि दोन महिने वाचलं नाही. प्रबंध सादर करायची तिची मुदत जवळ येत होती, हे मला ठाऊक होतं. मी सही करणार नाही असं मी एकदाही म्हटलं नाही. आमच्यात तसं म्हणावं लागत नाही. तिचे फोन यायचे, “मॅडम, झालं का वाचून?” मी म्हणायची, “बघू या.” तिसऱ्या महिन्यात तिनं माझं वाक्य जसंच्या तसं टंकून आणलं, एका शब्दाचाही फरक न करता. मी सही केली. मुलाखती पूर्ण स्वरूपात मागे परिशिष्टात टाकू का, एवढंच तिनं विचारलं. टाक म्हणाले. परिशिष्ट कोण वाचतं? मी स्वतः संदर्भसूचीकडे जाताना ती पानं अंगठ्यानं मागे सारते.

परीक्षकांची यादी मी दिली. सगळे आपले. अहवाल चांगले आले, यायलाच हवे होते.

मौखिक परीक्षा नांदेडला ठेवली. खुली असते ती, कुणीही येऊन बसावं, विचारावं. हॉलच्या दारातच ती मला भेटली, नवी निळी साडी, हातात फाइल. तिच्यामागे एक सावळी, काटक बाई उभी होती. नऊवारी, डोक्यावर पदर, पायात नव्या चपला. “मॅडम, ही माझी आई. पहाटेच्या गाडीनं किनवटहून आली.” त्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पदराखालून एक फडक्याची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. चारोळी होती, जंगलातून वेचून, फोडून आणलेली. “बाई, तुमच्यामुळं झालं सारं,” त्या म्हणाल्या. मी संकोचून हसले आणि पुरचुंडी पर्समध्ये टाकली. त्या मागच्या रांगेत जाऊन बसल्या, खुर्चीच्या अगदी कडेवर.

तिचं सादरीकरण छान झालं. बाहेरून आलेले परीक्षक माझे जुने मित्र. त्यांनी प्रबंधाचं कौतुक केलं आणि एक प्रश्न विचारला, जो सारांश वाचूनही विचारता आला असता. मला समाधान वाटलं. अध्यक्ष उठणार तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला.

ते नांदेडचेच एक प्राध्यापक, आमच्याच विषयाचे आणि ‘त्यांच्यातले’. पेपर तपासणीच्या केंद्रावर आम्ही वर्षानुवर्षं एका टेबलावर बसलो होतो आणि लाल शाईच्या रिफिलपलीकडे एकमेकांना काही मागितलं नव्हतं. त्यांच्यासमोर प्रबंधाची प्रत होती आणि तिच्यात ठिकठिकाणी चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या.

“परिशिष्ट उघडा,” ते म्हणाले. “उत्तरदाती क्रमांक सतरा. मोठ्यानं वाचा.”

तिनं पान काढायला वेळ लावला. मग वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज बदलला, शिकवतानाचा तिचा स्वच्छ आवाज गेला आणि गावाकडचा आला. ‘म्हनल्यानं तोंड न्हाई दुखत’ला हॉल हसला. मागच्या रांगेत तिची आईही तोंडाला पदर लावून हसली. मी ते पाहिलं. साधी बाई आहे, सगळे हसले म्हणून हसली, एवढंच मला वाटलं.

“आता प्रकरण पाच. याच बाईबद्दल तुमचं विश्लेषण वाचा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. तिनं वाचलं. विकसित झालेली नाही. क्षमता आढळत नाही.

“ही बाई इतकं चोख बोलते आणि तुम्ही म्हणता तिला विचार करता येत नाही. हे तुम्ही कशावरून ठरवलं?”

प्रश्न बरोबर होता. मला त्याच क्षणी कळलं की बरोबर आहे. प्रबंध पुढून मागपर्यंत वाचलेला त्या हॉलमध्ये तोच एक माणूस होता. पण तो प्रश्न ‘त्यांच्यातल्या’ माणसानं विचारला होता, म्हणून मी उभी राहिले. “हा सैद्धांतिक चौकटीचा प्रश्न आहे,” मी म्हणाले. “विद्यार्थिनीला त्यावरून अडवणं योग्य नाही.”

“मग तुम्ही सांगा, मॅडम. त्या संस्थेचं काम लोकांना पटलंय, हे मान्य करायला काय अडचण आहे?”

म्हणजे त्यांनाही ती बाई नकोच होती. त्यांना तिचं बोलणं त्यांच्या संस्थेच्या कौतुकासाठी हवं होतं. ‘आमचे देव आमच्या घरी हायेत’ हे वाक्य त्यांनी वाचून घेतलं होतं, पण त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. मी तसं म्हणाले. ते चिडले. मग मीही चिडले. दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघं त्या सतराव्या क्रमांकाच्या बाईवरून भांडत होतो, तिला काय कळतं, तिला काय कळत नाही, तिला कुणी फसवलं, तिला कुणी उद्धरलं. माझी विद्यार्थिनी मधे उभी होती, हातात प्रबंध तसाच उघडा धरून. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. परीक्षकांनी पदवीची शिफारस जाहीर केली. टाळ्या वाजल्या.

पेढे वाटायला सुरुवात झाली. माझे मित्र माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बरं उत्तर दिलंस त्याला.” ते प्राध्यापक दारापाशी आपल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलत उभे होते, अगदी ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. तेवढ्यात तिची आई माझ्यापाशी आली. विद्यार्थिनी मागून घाईनं येत होती, “माय, चल ना,” म्हणत तिचा दंड धरत होती. पण बाई थांबल्या नाहीत.

“बाई, म्या कायी चुकीचं सांगतलं का?”

मला आधी कळलंच नाही. “कधी?”

“ते पोरींच्या बोर्डिंगचं. हिनं इचारलं तसं म्या सांगतलं. आता माझं ते बोलनं हिनं वाचलं, अन् मंग वाचलं का ह्या बाईला समजत न्हाई. त्यावरून भांडन झालं तुमचं.”

मी तिच्या मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. सरकारी वसतिगृहात वाढलेली ती मुलगी, दाराला आतून कडी हवी हे त्या बाईला कुणामुळे कळलं होतं, माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर ती ‘त्या बाईला सगळं कळतं’ म्हणाली आणि पुढं का बोलू शकली नाही, हे सगळं मला एका वेळी समजलं. सतरावी बाई आपली आई आहे असं तिनं सांगितलं असतं, तर मी नियम दाखवून ती मुलाखतच काढून टाकली असती. मला ते पक्कं माहीत आहे. तिलाही होतं.

“पोरीचं कायी अडत असंल तर परत इचारा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. “आता नीट सांगते. काय सांगाचं ते तुमी सांगा मला, तसं सांगते.”

“नाही हो,” मी म्हणाले. “तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सांगितलं ते अगदी बरोबर होतं.”

“मंग तसं कोनं लिवलं?”

मी तोंड उघडलं होतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, उघडलं होतं एवढंच. पण तेवढ्यात दारापाशी उभे असलेले ते प्राध्यापक बोलायचे थांबले आणि त्यांनी आमच्याकडे मान वळवली.

“म्याच लिवलं, माय,” माझी विद्यार्थिनी म्हणाली.

बाईंनी लेकीकडे पाहिलं. मग मान हलवली आणि पदर सारखा केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि तरी मी गप्प राहिले, कारण ते प्राध्यापक माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्यासमोर आपली बाजू पडू नये, असं मला वाटलं.